काचेतल्या चौथीचे गाल

पुतळेवाल्याच्या घरात कामाची वाटणी सरळ होती. धड त्याचं, तोंड बायकोचं. कपड्यांच्या दुकानात उभे करतात ते फायबरचे पुतळे तो साच्यातून काढायचा, घासायचा, मोठ्या स्प्रे गनने अंगाचा रंग मारायचा आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवायचा. तिथे बायको हवेच्या झोताने रंग उडवणाऱ्या छोट्या एअरब्रशने भुवया, ओठ आणि गाल करायची. बाजारात कुणी विचारलं की तो म्हणायचा, "आमच्याकडे तोंडाचं काम हिच्याकडे आहे." बायको म्हणायची, "म्हणून तर धंदा चालतो. नुसत्या धडाला कोण विचारतं?" एकतीस वर्षं हाच विनोद चालला. नवा करायची दोघांना गरज वाटली नाही.

पाच महिन्यांपूर्वी बायको वारली. तेव्हापासून पुतळेवाला बिनतोंडाचे पुतळे विकू लागला. अंड्यासारखं गुळगुळीत डोकं, त्यावर काही नाही. योगायोगाने बाजारात फॅशनही तीच आली होती. गिऱ्हाइकं म्हणाली, "वा, काळाबरोबर चाललात." त्याने पैसे मोजून घेतले.

मंगळवारी सकाळी कोपऱ्यावरच्या कापडदुकानाचा मालक त्याच्या कारखान्यात आला. हा धाकटा शेठ. मोठे शेठ असताना नऊ वर्षांपूर्वी त्यांनी दर्शनी काचेसाठी चार बायकांचे पुतळे करून घेतले होते.

"काका, चौघींतली एक गेली."

पुतळेवाल्याने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. "कुठली?"

"दाराकडची. दिवा बदलताना तिच्यावर शिडी पडली. नाक गेलं, गाल फुटला. तुकडे कालच कचऱ्याच्या गाडीत टाकले."

"बरं."

"मी म्हणतो, आता चारही बदलू. बिनतोंडाच्या द्या. उरलेल्या तिघी तुम्हाला हव्या असतील तर घेऊन जा, नाहीतर भंगारवाला येतोच."

पुतळेवाल्याने विचार केला. बाकीच्या दुकानांतून बायकोने केलेले चेहरे केव्हाच निघाले होते. रस्त्यावर उभ्या अशा या तिघीच उरल्या होत्या. रोज सकाळी फिरायला जाताना तो मुद्दाम त्या फुटपाथवरून जायचा. घरी आणून काय करणार? घरात तीन बायका, तिघींना हिचं तोंड आणि बोलणार एकही नाही. शिवाय बायकोने त्या घरासाठी केल्याच नव्हत्या. येणाऱ्याजाणाऱ्याने बघाव्यात म्हणून केल्या होत्या.

"साचा आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "मी चौथी करून देतो."

"धड कराल हो तुम्ही. गाल कोण करणार?"

"मीच."

शेठने अदबीने छताकडे पाहिलं. "काका, राग मानू नका. पण वेगळी दिसली तर काचेत चालणार नाही. शनिवारी आणा. तिघींशी जुळली तर चौघी राहतील. नाही जुळली तर सोमवारी चारही खाली."

"जुळेल."

"तुम्ही म्हणता म्हणजे..." असं म्हणून शेठ वाक्य अर्धं सोडून गेला.

चौथीचं धड बुधवारी झालं. भुवया आणि ओठांसाठी बायकोने पातळ पत्र्यातून कापलेले साचे होते. ते ठेवून साध्या ब्रशनेही भागलं. गालांना साचा नव्हता. गाल ती नुसत्या हाताच्या अंदाजाने मारायची. तिच्या वहीत एका पानावर एवढंच लिहिलं होतं: गाल – लाल एक, पिवळा अर्धा, पांढरा तीन. पाणी घालून दुधासारखा. काटा खुणेवर.

काटा म्हणजे एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या गेजचा. वीसच्या जरा अलीकडे तिने नेलपॉलिशने रेघ मारून ठेवली होती. एअरब्रश डब्यात होता. पुतळेवाल्याने तो उघडला तेव्हा आत पाच महिन्यांचा वाळलेला रंग सापडेल म्हणून तो पिन आणि चिंध्या घेऊनच बसला होता. आत काही नव्हतं. सुई लख्ख होती. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तिने धुऊन ठेवला असणार. त्याने पिन परत डबीत टाकली.

रंग दुधासारखा करायचा तर शेजारी दूध हवं, म्हणून त्याने एका वाटीत रंग आणि एका वाटीत दूध घेतलं. दोन्ही वाट्या तिरक्या करून कडेवरून कसं उतरतं ते पाहत तो थेंबथेंब पाणी घालत गेला. दोन्ही सारखं उतरायला लागलं तेव्हा त्याला बरं वाटलं.

दुधाविषयी एक सांगायला हवं. बायको गेल्यापासून त्याच्या घरातलं दूध बिघडलं होतं. जड लागायचं. चहा घशाला चिकटायचा. डेअरीवाला पावडर घालतो असा त्याला संशय आला आणि तो भांडायला गेला. डेअरीवाला म्हणाला, "काका, वीस वर्षं दूध विकतोय. घट्ट आहे म्हणून भांडणारे तुम्ही पहिले." त्याने डेअरी बदलली. दुसऱ्याचंही तसंच. हे सगळे आतून एकमेकांना मिळालेले असतात, हे त्याला पटलं. असो.

सरावासाठी त्याने एक टकलं डोकं समोर ठेवलं, काटा खुणेवर आणला आणि बटण दाबलं. एअरब्रश आधी खोकला आणि मग थुंकला. गालावर गोवर उठला.

त्याने ओल्या फडक्याने गाल पुसला. पुन्हा मारला. पुन्हा गोवर.

मोठ्या गनवर आयुष्य गेलेला माणूस अशा वेळी एकच गोष्ट करतो, जोर वाढवतो. त्याने काटा चाळीसवर नेला. आता थुंकी गेली, पण रंग हवेतच वाळून धुळीसारखा बसायला लागला. गालावरून बोट फिरवलं तर पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं वाटत होतं. मग त्याने चिडून कपात भसकन पाणी ओतलं आणि तोच जोर ठेवून मारला. रंगाचा थेंब गालावर पडला आणि हवेने ढकलला जाऊन चहूबाजूंना बारीक पाय काढत पळाला. डोक्याच्या डाव्या गालावर आठ पायांचा कोळी बसला. उजव्या गालावर दुसरा.

गुरुवारी पहिले पाढे पंचावन्न. त्याने कॉम्प्रेसरला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते त्याला ठाऊक होतं, पण अंगणही थोडं वाकडं होतंच. टाकीची खालची तोटी उघडली तर अर्धा पेला गंजकं पाणी निघालं. मधूनमधून पडणारे मोठे ठिपके त्यामुळे होते, ते थांबले. मग त्याच्या लक्षात आलं की बटण दाबलं की काटा खाली येतो. उभा असताना खुणेवर, वारा सुटला की बारावर. बायको रंग न घालता नुसतं बटण दाबून गेजकडे बघत बसायची. इतकी वर्षं त्याला वाटायचं, गरमीत वारा घेतेय. त्याने बटण दाबून ठेवलं आणि मग काटा खुणेवर आणला.

आता बरं झालं. बरं म्हणजे अर्धं मिनिट बरं. मग सुईच्या टोकावर रंगाची बी जमायची आणि थुंकी. टोक पुसायचं, अर्धं मिनिट, थुंकी. हवा बरोबर होती, सुई बरोबर होती, पाणी काढलं होतं. उरला फक्त रंग. आणि रंग तर दुधासारखाच होता.

एक वाजता मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी राहायची आणि जेवणाच्या सुट्टीत रोज फोन करायची.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय?"

"जेवण."

"बाबा."

"अगं, तुझी आई गालाचा रंग किती पातळ करायची?"

"दुधासारखा. सगळ्यांना तेच सांगायची."

"ते वहीत आहे. दुधाची वाटी शेजारी धरून केलाय. थुंकतोय."

पलीकडे कुणीतरी डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"कुठलं दूध?" मुलीने विचारलं.

"कुठलं म्हणजे? गाढविणीचं आणू का? डेअरीचं."

"बाबा, रागावणार नसाल तर एक सांगते."

"सांग. रागवायला समोर आहे कोण?"

"आपल्या घरातल्या दुधात पाणी असायचं."

"किती?"

"निम्मं. अकरा वर्षं. डॉक्टरांनी साय बंद करा म्हटलं, तुम्ही म्हणालात दूध सोडण्यापेक्षा मेलेलं बरं. मग आईने सुरू केलं. तुम्ही उठायच्या आत पातेल्यात निम्मं पाणी घालून तापवून ठेवायची."

पुतळेवाल्याने वाटीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"मावशीला. शेजारच्या काकूंना. डॉक्टरांना."

"डॉक्टरांना?"

"आईनेच सांगितलं होतं त्यांना. ते म्हणाले, चाललंय तसं चालू द्या."

दर वर्षी रक्ताचा रिपोर्ट घेऊन तो डॉक्टरांकडे जायचा आणि टेबलावर बोट आपटून सांगायचा, "दोन वेळा पेलाभर दूध पितो, आणि बघा आकडे. सगळं अंगमेहनतीवर असतं." डॉक्टर म्हणायचे, "छान." त्या छानचा त्याने आजवर कधी विचार केला नव्हता.

"म्हणजे आईने वहीत दूध लिहिलंय ते..."

"तिच्या डोळ्यासमोर तेच असणार ना. रोज तेच बघायची."

"आणि मी दोन डेअरीवाल्यांशी भांडलो."

"तीन. तिसऱ्याचा मला फोन आला होता. विचारत होता, वडील बरे आहेत ना?"

"त्याला नंबर कुणी दिला?"

"तुम्हीच दिला होतात बाबा, तक्रारीच्या वहीत. जेवा आता."

"जेवलो म्हटलं ना."

"ते मला कळलं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

पुतळेवाला स्वयंपाकघरात गेला. पेल्यात अर्धं दूध घेतलं, अर्धं पाणी घातलं, तापवलं आणि उभ्या उभ्या प्यायला. हेच. पाच महिन्यांनी दुधाला दुधाची चव आली. त्याने आणखी अर्धा पेला केला. तो प्यायला नाही. मागच्या खोलीत नेऊन रंगाच्या वाटीशेजारी ठेवला आणि पाण्याचे थेंब मोजत बसला.

कपात रंग घातला, बटण दाबलं. आधी हवा, मग हळूच रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. गालापासून चार बोटं लांब. पहिल्या हाताला काहीच दिसलं नाही. घाई केली नाही. दुसऱ्या हाताला बाहेरून आल्यासारखी जरा लाली दिसली. तिसऱ्या हाताला तो थांबला. टकल्या डोक्याला गाल आले होते. बाकी काही नव्हतं, नुसते गाल. ते डोकं अजून त्याच्या फळीवर आहे.

शुक्रवारी चौथीचे गाल झाले. शनिवारी तिला चादरीत गुंडाळून रिक्षात शेजारी बसवून तो दुकानात घेऊन गेला. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं, पण विचारलं नाही.

शेठने तिला दाराकडच्या जागेवर उभं करवलं आणि बाहेर जाऊन काचेतून बघितलं. बराच वेळ बघितलं. आत आला तो खूश होता.

"काका, मानलं तुम्हाला. पहिल्यासारखीच केलीत."

"जुळली ना?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे. ही इतकी टवटवीत आहे की त्या तिघी आजारी वाटायला लागल्या. नऊ वर्षं ऊन खाल्लंय त्यांनी. तुम्ही असं करा, त्या तिघींवर पण एक हात मारून द्या. सोमवारपर्यंत चौघी नव्या कोऱ्या."

दुकानात कपडे दाखवणारी एक ताई होती. काचेतल्या पुतळ्यांना कपडे चढवायचं कामही तिच्याकडेच होतं. ती घडी करता करता थांबली.

पुतळेवाला म्हणाला, "तिघींना हात लावणार नाही."

"का? तुम्हाला येतंय की आता."

"येण्या-न येण्याचा प्रश्न नाही."

"मग कसं करायचं? अशा तर ठेवता येत नाहीत. मी म्हटलं होतं, जुळल्या तर."

"तिघी बरोबर आहेत. ही चुकली आहे. सोमवारी आणतो."

"अहो काका, ही चांगली आहे!"

"म्हणूनच चुकली," पुतळेवाला म्हणाला. "मला इथे एक स्टूल द्या. बाकी तुमचं चालू द्या."

ताईने स्टूल दिलं. काचेच्या आतल्या बाजूला, तिघींच्या पायाशी तो तासभर बसला. गेली नऊ वर्षं तो त्यांना रस्त्यावरून बघत होता. पूर्ण झाल्यावर इतक्या जवळून बघण्याचं त्याला कधी कारण पडलं नव्हतं. तिघी सारख्या नव्हत्या. ऊन दाराच्या बाजूने यायचं, म्हणून त्या बाजूचे गाल जास्त उडाले होते. मधलीवर पाटीची सावली पडायची, ती कमी उडाली होती. लाल आधी जातो आणि पिवळा मागे राहतो, हे त्याने सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं. सिगारेट त्याने कधीच सोडली होती. पाकीट शेठचं होतं.

ताई धूळ झटकायला आली. कडेच्या पुतळ्याचा केसांचा टोप तिने काढून झटकला. "काका, इथे घाण बसलीय का हो? कित्येक दिवस पुसतेय, जात नाही."

कानाच्या वर, टोपाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी चार-पाच बारीक लाल ठिपके होते. पुतळेवाल्याने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. असे ठिपके त्याने या आठवड्यात शंभर केले होते. बायकोचाही एअरब्रश थुंकला होता. गालावरून हात वळवला असेल, टोक पुसायचं राहिलं असेल. आणि तिने टोप बोटभर खाली ओढून बसवला होता. त्याला ती नेहमी सांगायची, "माझा आजवर एकदाही थुंकलेला नाही."

"घाण नाही ती," तो म्हणाला. "टोप घाला परत. जरा खाली ओढून घाला."

रविवारी सकाळी मागच्या खोलीत तो चौथीसमोर बसला. हे काम अवघड होतं, कारण चांगला झालेला गाल आता त्याला बिघडवायचा होता, आणि असा गाल त्याच्या नावावर एकच होता. हात जड पडला तर पांढरा डाग दिसणार. मग घासून पुन्हा पहिल्यापासून, आणि सोमवार उद्यावर आलेला. वहीत याविषयी काही नव्हतं. बायकोला कुणी जुना गाल करायला सांगितलं नव्हतं.

त्याने पांढऱ्यात पिवळ्याचा आणि करड्याचा थेंब टाकला आणि पाणी घालत गेला. किती पातळ, ते कशाशी ताडून बघायला शेजारी काही नव्हतं. नखावर थेंब ठेवला की खालचं नख स्पष्ट दिसावं, इतका. इतक्या पातळ रंगाला खुणेइतका वारा चालेना. लगेच पाय फुटायला लागले. तो काटा उतरवत गेला. खूण मागे गेली. पंधरा, बारा, दहा. दहाच्या खाली काटा नीट दाखवत नव्हता, तेव्हा त्याने गेज बघायचं सोडलं आणि कानाने धरलं. झोपलेला माणूस नाकाने श्वास घेतो तेवढा आवाज राहिला तेव्हा थांबला.

एक हात मारायचा आणि वाळायची वाट बघायची. दाराकडच्या गालावर जास्त, दुसऱ्यावर कमी. सातव्या हातापर्यंत फरक दिसला नाही आणि आपण हवाच मारतोय की काय असं त्याला वाटलं. नवव्या हाताला त्याने चौथीला उचलून पुढच्या खोलीत, खिडकीत नेलं. गाल दमले होते. गेले नव्हते, दमले होते. आणखी एक हात मारावा का, असा मोह झाला. त्याने एअरब्रशमध्ये पाणी घातलं आणि तो धुऊन टाकला, म्हणजे प्रश्नच नको.

सोमवारी शेठ पुन्हा बाहेर जाऊन उभा राहिला. एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. रस्ता ओलांडून पलीकडून बघितलं. आत येऊन ताईला विचारलं, "तुला कशा वाटतात?"

"चौघी एकाच घरातल्या वाटतात," ताई म्हणाली. "दिवसभर उभ्या राहिल्यासारख्या."

"गिऱ्हाइकांना दमलेल्या बायका आवडतील का?"

"शेठ, गिऱ्हाइकं पण दमूनच येतात."

शेठने मान हलवली. बिनतोंडाच्या चार नकोत, असं त्याने तिथल्या तिथे सांगितलं. मग गल्ल्याकडे जाता जाता म्हणाला, "काका, मागच्या गल्लीतल्या काचेसाठी अजून दोन द्या. अशाच हं. नव्या, पण जुन्या."

"जुन्या व्हायला वेळ लागतो."

"किती?"

"नऊ वर्षं," पुतळेवाला म्हणाला. "मी पुढच्या शनिवारी देतो."

ताईने चौघींना त्या आठवड्याचे कपडे चढवले. पुतळेवाला बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिला. काचेत ऊन आलं होतं आणि ते दाराकडच्या चौथीच्या गालावर आधी पडलं होतं. तिघी तिच्या पलीकडे होत्या. कडेचीचा टोप बोटभर खाली होता. नीट दिसावं म्हणून तो पुढे झाला आणि त्याने काचेवर हात टेकला.

आतून ताईने काचेवर टकटक केलं. "काका, हात नका लावू! आत्ताच पुसलीय!"

त्याने हात काढला. बाहीने हाताचा ठसा पुसला, तो नीट गेला की नाही ते वाकून पाहिलं, पुन्हा पुसला आणि घरी निघाला.